इन्स्टाचं 'सुपर-८' फिल्टर ठीक, पण कपाटातल्या खऱ्या रिळांचं काय?

ओरखडे, थरथरणारी चौकट, पिवळट रंग. रीलला असा जुना लूक देणारं 'सुपर-८' फिल्टर तुम्हीही कधीतरी लावलं असेल. एक टॅप, काम फत्ते!

खरा सुपर-८ कॅमेरा इतका दिलदार नाही. कोडॅकने १९६५ मध्ये हा फॉरमॅट आणला. ५० फुटांच्या एका कार्ट्रिजमध्ये मिळतात जेमतेम तीन मिनिटं, आणि रीळ धुतल्याशिवाय काय टिपलं ते दिसत नाही. तरीही कोडॅकने २०२३ च्या अखेरीस नवा सुपर-८ कॅमेरा विकायला काढला. किंमत ५,४९५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण साडेचार लाख रुपये.

एवढा खर्च करून काहीजण तर गोष्ट नसलेल्या फिल्म बनवतात. नुसत्या रेषा, आकार, उजेड. हे खूळ परदेशातलं वाटेल, पण मुंबईत ते पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी होऊन गेलंय.

१९६९ मध्ये चित्रकार अकबर पदमसी यांना नेहरू फेलोशिप मिळाली. त्या पैशांतून त्यांनी 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' सुरू केलं. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले तिथे एकत्र यायचे. पदमसींनी १६ एमएमवर 'सिझिजी' केली: रेषांची हलती चित्रं, आवाज नाही, पात्रं नाहीत. तिथेच तरुण नलिनी मलानी यांनी 'ड्रीम हाउसेस' केली, तीही ८ एमएमवर, एकेक फ्रेम टिपत. पुढे १९७६ मध्ये मुंबईच्या झोपडपट्टीकडे पाहणाऱ्या बाईची १६ एमएम फिल्म त्यांनी तिच्या शेजारी लावली आणि 'युटोपिया' तयार झाली. स्वप्नातली घरं एका पडद्यावर, खरी दुसऱ्यावर. आकारांच्या खेळातूनही राजकीय बोलता येतं, ते असं.

मलानींची फिल्म आज बघता येते. पदमसींची दुसरी फिल्म, 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर', बघता येत नाही. तिची एकच प्रिंट होती, ती हरवली. २०१६ मध्ये दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींच्या आठवणींवरून ती पुन्हा उभी केली. मूळ फिल्म गेली ती गेलीच.

आता वर्ध्याकडे या. लग्नाची, मुंजीची, सहलीची ८ एमएम रिळं एखाद्या घरात असतील, तर अडचण तीच आहे. घरगुती फिल्म बहुतेक 'रिव्हर्सल' असायची. कॅमेऱ्यात फिरलेलीच पट्टी पडद्यावर दाखवायची, वेगळी निगेटिव्ह नाही. म्हणजे कॉपी एकच. त्यात वर्ध्याचा मे महिना, पारा ४५ च्या पुढे, आणि लगेच दमट पावसाळा. ॲसिटेटच्या फिल्मला हेच दोन्ही सोसत नाही. ती आंबते, आकसते, आणि डब्यातून व्हिनेगरसारखा वास येतो.

असा वास आला तर हौसेने प्रोजेक्टर लावू नका. आकसलेली फिल्म दात्यांवर फाटते. ते रीळ बाकीच्यांपासून वेगळं काढा, माळ्यावरून खाली थंड, कोरड्या जागी आणा, आणि आधी स्कॅन करून घ्या.

कॅमेऱ्यातच न धुतलेलं कोडाक्रोम राहिलं असेल, तर त्यातले रंग मात्र आता निघणार नाहीत. जगातल्या शेवटच्या लॅबने ती प्रक्रिया २०१० च्या डिसेंबरअखेर बंद केली.