वैद्याची नजर, चित्रकाराची रेघ

परीक्षांचे निकाल लागले, की आपल्या घराघरांतून एक निर्णय फारसा गाजावाजा न होता घेतला जातो. मुलगी हुशार आहे, गुण उत्तम आहेत, तेव्हा तिला डॉक्टर करावयाचे ठरते. आणि त्याच सुमारास तिची रंगपेटी व चित्रकलेची वही माळ्यावर जाते. ‘आता चित्रे पुरे, अभ्यासाला लागा’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या मनात काळजीच असते, यात शंका नाही. परंतु चित्रकला हा विरंगुळा आणि वैद्यक ही विद्या, त्या दोहोंचा परस्परांशी काही संबंध नाही, हे जे त्यामागे गृहीत धरलेले असते, ते एकदा तपासून पाहण्याजोगे आहे.

आपल्या जुन्या वैद्यकाने रोगी तपासण्याचे तीन मार्ग सांगितले आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त ते याच क्रमाने येतात. अंगाला हात लावण्यापूर्वी वैद्याने रोग्याकडे नीट पाहावयाचे असते. आणि नीट पाहणे ही गोष्ट चित्रकाराइतक्या कष्टाने दुसरे कोण शिकते? आपण जन्मभर माणसांचे कान पाहत असतो. पण कागद-पेन्सिल घेऊन एखादा कान काढावयास बसलो, की लक्षात येते, आपण तो आजवर पाहिलाच नव्हता!

या दोन विद्यांची गाठ कशी पडते, याचे एक उदाहरण खुद्द पुण्याच्या परिसरातले आहे. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात इंग्रज फौजेच्या तळावर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव ‘कावसजी’ असे येते. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ त्याने तसाच काढला. पुढे पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. त्याची रीत मोठी पाहण्यासारखी होती. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून त्याला नाकाचा घाट द्यावयाचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा आणि त्याच्या कडेने रेघ ओढावयाची. त्या रेघेच्या आतील कातडी सोडवून, दोन भुवयांमधला दुवा मात्र न तोडता, ती खाली वळवून नाकावर बसवावयाची. म्हणजे शस्त्राच्या आधी रेघ आली. हे काम करणारा हात शल्यवैद्याचा होता, तितकाच तो आकार घडविणाऱ्याचाही होता.

त्या काळी पेशव्यांच्या दरबारी जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार होता. शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी त्याने कावसजीचे चित्र काढले. त्यावरून केलेले कोरीव चित्र, मेणाच्या पत्र्याच्या आकृतीसह, १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापले गेले. ती हकीकत जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यवैद्याच्या मनात घर करून राहिली. त्याने प्रेतांवर सराव केला, १८१४ साली तीच शस्त्रक्रिया लंडनमध्ये यशस्वी करून दाखविली आणि १८१६ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. पुण्याच्या कारागिराची विद्या सातासमुद्रापार गेली, ती शब्दांइतकीच चित्राच्या आधारे. खेद एवढाच, की चित्रकाराचे नाव राहिले, रोग्याचे राहिले, पण ज्याने नाक घडविले त्याचे नाव कोणी टिपून ठेवले नाही.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी, आपल्याप्रमाणेच महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या एका मराठी घराण्यात हाच योग जुळून आला. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे १७९८ साली गादीवर आले. राज्याचा कारभार लवकरच कंपनीच्या हाती गेला. राजांनी आपले चित्त विद्येकडे वळविले. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी आणि विलायती दोन्ही वैद्यकांचा अभ्यास चाले. तेथे डोळ्यांच्या रोग्यांची टिपणे ठेवीत आणि त्यांच्या जोडीला त्या रोगी डोळ्यांची रंगीत चित्रे काढवून घेत. इंग्रजी आणि मोडी लिपीतील ते कागद सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाले. ‘डोळ्यावर सारा आला’ असे लिहिणे निराळे आणि तो कोठे, केवढा व कोणत्या रंगाचा, हे रंगवून ठेवणे निराळे.

पहिल्या महायुद्धात या सहकार्याची फार कठीण कसोटी लागली. तोफगोळ्यांनी चेहरे छिन्नविच्छिन्न झालेले तरुण सैनिक इंग्लंडमधील आल्डरशॉटच्या लष्करी रुग्णालयात येऊ लागले. तेथे हॅरल्ड गिलीज हे शल्यवैद्य त्यांचे चेहरे पुन्हा उभारीत होते. १९१६ साली हेन्री टॉन्क्स त्यांना येऊन मिळाले. टॉन्क्स स्वतः शल्यवैद्यकाची उच्च पदवी मिळविलेले; पुढे चित्रकलेकडे वळून लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिक्षक झालेले. त्यांनी त्या सैनिकांची शस्त्रक्रियेपूर्वीची आणि नंतरची चित्रे रंगीत खडूंनी काढली. छायाचित्रे तेव्हा होतीच. पण त्यांत मांसाचा रंग आणि जखमेचा पोत उतरत नसे. गिलीज यांना त्या चित्रांचा उपयोग होई. पण आज ती पाहणाऱ्याला जखमेआधी त्या तरुणांची नजर दिसते. जखम टिपताना टॉन्क्स माणसाला विसरले नाहीत, हे त्यांचे मोठेपण होय.

हे शिकविता येते काय? अमेरिकेतील येल विद्यापीठात आयर्विन ब्रेव्हरमन हे त्वचारोगतज्ज्ञ आणि कलासंग्रहालयातील शिक्षिका लिंडा फ्रीडलँडर यांनी ते करून पाहिले. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना चित्रांपुढे उभे केले. शेजारची माहिती न वाचता जे दिसते तेवढेच सांगावयाचे, निष्कर्ष मागाहून काढावयाचा, असा दंडक घातला. या विद्यार्थ्यांची रोग्याच्या छायाचित्रांतील बारकावे टिपण्याची शक्ती इतरांपेक्षा अधिक वाढल्याचे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत दिसून आले.

वाचकहो, यासाठी येलला जावयास हवे असे नाही. आपल्या वडोदऱ्यात वैद्यकीय महाविद्यालय आणि ललितकला विद्याशाखा एकाच महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या छत्राखाली १९४९-५० च्या सुमारास उभ्या राहिल्या. कमाटीबागेत महाराजांनी संग्रहालय उभारले, त्यात देशी-परदेशी चित्रे जमविली. वैद्यकाच्या मुलांनी रविवारी तासभर तेथे एकाच चित्रापुढे उभे राहावे आणि चित्रकलेच्या मुलांनी त्यांना पाहावयास शिकवावे. गणेशोत्सवात दोघांनी मिळून मोतीबिंदूची वा मधुमेहाची माहिती देणारी चित्रे मंडपात लावावीत. खर्च थोडा आहे, लाभ मोठा आहे.

आणि घरातल्या रंगपेटीविषयी एवढेच सांगावेसे वाटते, की ती माळ्यावर टाकण्यापूर्वी विचार करावा. आज तपासणीची यंत्रे पुष्कळ झाली आहेत आणि त्यांचे उपकारही मोठे आहेत. तरीही दवाखान्यातून परतलेले आजोबा कित्येकदा म्हणतात, ‘औषध दिले, पण डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले नाही.’ ही तक्रार कोणत्याही यंत्राने दूर होणारी नाही. ती दूर करील तो पाहावयास शिकलेला डोळा. आणि त्या डोळ्याचा पहिला धडा चित्रकलेच्या वहीतच असतो.