घर निघालं परगावी

इरकली लुगडं तुमच्या आजीने नक्की नेसलं असेल. पण ते विणणाऱ्याचं घर आतून कसं असतं, कधी पाहिलंय? त्यासाठी कर्नाटकातल्या इळकलपर्यंतच जायला हवं असं नाही. तिथल्या विणकराचं एक दगडी घर चेन्नईजवळ, मुट्टुकाडूला येऊन राहिलंय!

या जागेचं नाव दक्षिणचित्र. डेबोरा त्यागराजन यांच्या पुढाकाराने ती १९९६ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. आराखडा लॉरी बेकर यांचा. तमिळनाडू, केरळ, कर्नाटक आणि आंध्रमधली जुनी घरं इथे आणून पुन्हा उभारली आहेत.

आता तुम्ही विचाराल, अख्खं घर हलवतात कसं? आधी मोजमापं, नकाशे, फोटो. मग खांब, तुळया, दारं यांवर क्रमांक घालून एकेक भाग सोडवायचा, ट्रकमध्ये भरायचा आणि त्याच क्रमाने पुन्हा जोडायचा. केरळची लाकडी घरं याला सोयीची, कारण त्यांचे सांधे खिळ्यांपेक्षा एकमेकांत अडकवलेले असतात. मातीच्या भिंती मात्र सोबत येत नाहीत. त्या नव्याने बांधाव्या लागतात. म्हणून पारंपरिक सुतार आणि गवंडी हाताशी नसतील, तर नुसता लाकडांचा ढीग उरतो.

पण गावापासून तोडलेलं घर खरं घर राहतं का? मला हा प्रश्न छळतो. शेजार नाही, विहीर नाही, चुलीचा धूर नाही. शक्य असेल तर घर जागेवरच जपावं, हे खरंच. पण चेट्टिनाडमध्ये काय झालं, तेही पाहा. व्यापाऱ्यांचे मोठमोठे वाडे, वारस ढीगभर, राहायला कुणीच नाही. वाडे पाडले गेले आणि कोरीव दारं-खांब कारैकुडीच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत विकायला आले. दार एका शहरात, खांब दुसऱ्या. त्यापेक्षा सगळं एकत्र, तेही मुलांना उंबरा ओलांडून आत जाता येईल असं, हे मला पटतं. इथे शाळांच्या सहली येतात, मुलं कुंभाराच्या चाकावर हात माखून घेतात.

जाणार असाल तर मंगळवार टाळा, त्या दिवशी बंद असतं. आणि गावाकडचा तुमचा वाडा पाडायचं ठरलंच असेल, तर आधी फोनवर प्रत्येक खोलीचे फोटो काढा, मापं लिहून ठेवा, आजीला विचारा माजघरात कोण कुठे झोपायचं.