बोटं आखडली तर पुडी नको, डॉक्टर गाठा

आषाढात गुंजवण्याच्या खोऱ्यात भाताची लावणी लागली, की बायाबापड्यांचे हात दिवसभर चिखलात. अशात सकाळी कुणाची मूठ वळेना, भाकरी थापता येईना, तर घरात एकच उत्तर : ‘पावसाचा वात आहे, जाईल.’ बहुतेकांचा जातोही. ज्यांचा जात नाही त्यांचं काय, हा प्रश्न ग्रामसभेत यायला हवा.

सगळी सांधेदुखी एक नसते. वयाने गुडघा झिजतो, ते वेगळं. आमवात म्हणजे कुंपणानेच शेत खाण्याचा प्रकार. रोगजंतूंशी लढणारी शरीराची ताकद आपल्याच सांध्यांवर उलटते. हा शहरी रोग नव्हे. आपल्याच जिल्ह्यात भिगवणला १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने पाहणी केली. मोठ्या माणसांत साधारण दोनशेंत एकाला आमवात आढळला. बायकांत हा रोग पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असतो.

सकाळी तासभर सांधे आखडलेले, बोटांच्या मुळाशी आणि मनगटाला सूज, दोन्ही हात सारखेच दुखणारे आणि हे सहा आठवडे चाललेलं, एवढं दिसलं की डॉक्टर गाठावा.

रक्तात ‘आर.ए. फॅक्टर’ आणि ‘अँटी-सीसीपी’ ही प्रतिद्रव्ये तपासतात. पहिली तपासणी स्वस्त, पण फसवी. खरा आमवात असूनही शंभरात वीस-तीस जणांत ती कोरी येते. उलट क्षय, कुष्ठरोग यांत, कधी धडधाकट म्हाताऱ्यातही ती दोष दाखवते. दुसरी महाग, पण तिच्यात दोष आला तर आमवाताची खात्री बरीच वाढते. म्हणून शिबिरात सरसकट सगळ्यांचं रक्त काढून कागद वाटण्याला आमचा विरोध आहे. आधी हात बघा, मग रक्त.

आता औषधाचं. वातावरच्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत आराम पडतो, पण हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते आणि सांधा आतून खराब होतच राहतो. महिनोन्‌महिने घेतलेली पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं. डॉक्टरला सांगून कमी करावी.

खरं औषध बहुधा मेथोट्रेक्सेटपासून सुरू होतं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, बाजाराचा वार धरून. रोज घेतली तर जिवावर बेतते. सोबत फॉलिक ॲसिड, ठरल्या मुदतीने रक्ततपासणी, दारू बंद. मूल हवं असेल त्या बाईने आधीच डॉक्टरला सांगावं. ही गोळी सोसली नाही तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलझिन आहेत. नवी इंजेक्शनं महाग, आणि ती देण्याआधी क्षयाची तपासणी लागतेच. पहिल्या काही महिन्यांत उपचार झाले तर हात वाचतो. वाकडं झालेलं बोट गोळीने सरळ होत नाही.

नसरापूरमार्गे पुणे गाठायचं, म्हणजे भाडं गेलं आणि दिवसाची मजुरीही. म्हणून सरपंच, ग्रामसेवकांनी पुढच्या ग्रामसभेत ठराव घ्यावा : आशाताईंनी लावणीआधी घरोघरी हात बघावेत, नमुना आरोग्य केंद्रातच घेऊन पुण्याला धाडावा आणि आठवड्याची गोळी केंद्रातच मिळावी. ज्या हातांनी खोऱ्यात भात लावला जातो, त्यांच्यासाठी एवढं मागणं जास्त नाही.