उभी तार, आडवी तार

संपादक महोदय,

पावसाळी रात्री मालवणहून देवगडशी हौशी रेडिओचा संपर्क तुटतो तो निव्वळ डोंगरांमुळे, हे गतांकातील लेखकाचे विधान एकांगी आहे. १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात, जेथे लहरी बहुधा सरळ रेषेत जातात, एकाची अँटेना उभी व दुसऱ्याची आडवी असेल, तर सुमारे २० डेसिबल, म्हणजे शक्तीचा शतांशच उरावा एवढी घट संभवते. डोंगर नाहक आरोपी ठरतो. आयनांबरातून परतणाऱ्या लघुलहरींचे ध्रुवण, म्हणजे कंपनाची उभी-आडवी दिशा, वाटेतच फिरते, म्हणून तेथे दोन्ही अँटेना एकाच दिशेत ठेवण्याचा दंडक शिथिल, एवढे कबूल. परंतु ध्रुवणाचा हा धर्म हर्ट्‌झने १८८८ साली तारांच्या जाळीने सप्रमाण सिद्ध केला असता, ‘तार कशीही बांधा’ हा त्या लेखातला हुकूम कोणत्या दप्तरातून निघाला?

आपला,
एक परवानाधारक हौशी रेडिओचालक, मालवण