खरा की खोटा? : एक अपुरा प्रश्न

आपल्याकडे कुणाच्या बोटातली अंगठी पाहिली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "खडा खरा आहे का हो?" उत्तर 'होय' असे आले की विचारणाऱ्याचे समाधान होते आणि घालणाऱ्याची मान ताठ होते. पुढे कुणी काही विचारीत नाही. हा प्रश्न अगदीच अपुरा आहे, असे माझे मत झाले आहे. आणि ते एखादे पुस्तक वाचून झालेले नसून आमच्या घरातल्या एका भांडणातून झालेले आहे. ते भांडण या अंकात सांगायला आईची परवानगी मी घेतली आहे. बाबांची घेतलेली नाही.

२०१८ साली आईबाबांच्या लग्नाला वीस वर्षे झाली. त्याच सुमारास बाबांना कचेरीच्या कामानिमित्त जयपूरला जावे लागले. जयपूर म्हणजे खडे घासण्याच्या धंद्याचे माहेरघर. तिथून त्यांनी आईसाठी एक सुटा खडा आणला. कमळाची पाकळी देठाकडे जशी फिकट होत जाते, तिच्या मधल्या भागाचा जो रंग, तो त्या खड्याचा रंग होता. पावतीवर लिहिले होते, 'गुलाबी खडा, नैसर्गिक'. बस्स, एवढेच. बाबांनी दुकानदाराला तीनतीनदा विचारले होते, खरा आहे ना? तो तीनतीनदा हो म्हणाला होता. आणि गंमत अशी, की तो खरेच बोलला होता.

अंबाबाईच्या देवळाजवळची गुजरी कोल्हापूरकरांना सांगायला नको. तिथे आमचे ठरलेले सोनार आहेत. आजीचा साज त्यांच्या वडिलांनी घडवलेला, आईचे मंगळसूत्र त्यांनी स्वतः. बाबा त्यांना आण्णा म्हणतात. आण्णांनी खडा तोलला, चिठ्ठीवर 'गुलाबी खडा, ६.४२ कॅरट' असे लिहून दिले आणि पंधरा दिवसांत अंगठी केली. आईने ती घातली आणि नंतर क्वचितच काढली.

आई शिक्षिका आहे. रोज स्कूटरवरून गावाबाहेरच्या शाळेत जाते, भर दुपारच्या उन्हात परत येते. सुट्टीच्या दिवशी गच्चीवर पापड, मिरच्या, धुणे. हे तपशील मी उगाच देत नाही. पुढे लागणार आहेत.

२०२० च्या दिवाळीआधी आजी रिठ्याच्या पाण्यात घरचे दागिने धूत बसली होती. आईची अंगठी हातात घेऊन तिने दोनदा फिरवून पाहिली आणि म्हणाली, "हा आमचा खडा न्हवं." आम्ही सगळे भोवती जमलो. खरोखरच खडा पाण्याच्या थेंबासारखा पांढरा पडला होता. अगदी वाकून पाहिले तर आत कुठेतरी गुलाबीची आठवण. मधे एकदा खडा सैल झाला म्हणून अंगठी आठ दिवस आण्णांच्या दुकानात होती, हेही कुणाला तरी आठवले. झाले! दोन आणि दोन चार व्हायला वेळ लागला नाही. सोनाराविषयी आपल्या म्हणींनी जे काही पिढ्यान्‌पिढ्या सांगून ठेवले आहे, ते सगळे त्या संध्याकाळी आमच्या घरात बोलले गेले.

दुसऱ्या दिवशी बाबा दुकानात गेले. गिऱ्हाईक बसलेले असतानाच बोलले. आण्णा इतकेच म्हणाले, "खडा तोच हाय, बाळासाहेब." बाबा परत आले आणि त्यानंतर चार वर्षे आम्ही त्या दुकानाची पायरी चढलो नाही. ताईच्या लग्नाचे दागिने दुसरीकडे झाले. गुजरी ती केवढी? असली गोष्ट या टोकाची त्या टोकाला जायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही. त्या चार वर्षांत आमच्यामुळे आणखी किती घरांनी आण्णांकडे पाठ फिरवली असेल, याचा हिशेब आमच्यापैकी कुणी केला नाही.

२०२४ साली आम्हाला भूगोलाच्या तासाला खडक आणि खनिजे हा भाग होता. सरांनी टेबलावर नमुने मांडले होते. मी धीर करून अंगठी नेली आणि हकीकत सांगितली. सरांनी ती खिडकीपाशी धरून सावकाश फिरवायला सांगितली. एका बाजूने खडा किंचित गुलाबी दिसत होता, दुसऱ्या बाजूने जवळजवळ बिनरंगी. सर म्हणाले, "काच असती तर कुठूनही सारखीच दिसली असती. हा बहुधा कुंझाइट असावा. तपासून घ्या, आणि तोवर त्या सोनाराला शिव्या देऊ नका."

आम्ही दुसऱ्या एका कारागिराकडून खडा बाहेर काढून घेतला आणि मुंबईच्या एका रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत दिला. अहवाल आला : नैसर्गिक स्पोड्युमीन, प्रकार कुंझाइट, वजन ६.४२ कॅरट. आईने कपाटातून आण्णांची चार-सहा वर्षांपूर्वीची चिठ्ठी काढली आणि अहवालाशेजारी ठेवली. वजन शेवटच्या आकड्यापर्यंत तेच होते. त्या रात्री बाबा जेवले नाहीत.

आता या कुंझाइटची थोडी कुळकथा सांगायला हवी. आपली नवरत्ने आपल्याला ठाऊक असतात. माणिक, मोती, पोवळे, पाचू आणि बाकीची मंडळी. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतसुद्धा रत्नांवर अध्याय आहेत. पण कुंझाइट त्यात कुठून असणार? हा गुलाबी खडा १९०२ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पाला भागात सापडला आणि न्यूयॉर्कच्या टिफनी या पेढीतील रत्नतज्ज्ञ जॉर्ज फ्रेडरिक कुंझ यांनी तो ओळखला, म्हणून १९०३ मध्ये त्याला त्यांचे नाव मिळाले. मूळ खनिज स्पोड्युमीन. या ग्रीक शब्दाचा अर्थ 'जळून राख झालेले', कारण त्याचे साधे तुकडे राखेच्या रंगाचे असतात. त्यात लिथियम, अॅल्युमिनियम आणि सिलिका असते. ज्या लिथियमवर आपल्या खिशातला मोबाईल चालतो, ते मिळवण्याचे हे एक प्रमुख खनिज. त्यात मँगेनीजचा अंश मिसळला की गुलाबी-जांभळा कुंझाइट होतो. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात तो सापडायचा नाही. त्याला ग्रॅनाइटच्या कुळातला, मोठमोठ्या स्फटिकांचा पेग्मटाइट खडक लागतो. अफगाणिस्तान, पाकिस्तान, ब्राझील, मादागास्कर ही त्याची आजची घरे. (आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतही गुलाबी स्टिलबाइटचे सुरेख झुबके सापडतात आणि जगभरच्या संग्रहालयांत जातात. पण तो मऊ असल्यामुळे अंगठीच्या उपयोगाचा नाही.)

कुंझाइटचा स्वभाव विचित्र आहे. त्याचा रंग उन्हाने उडतो. एका दिवसात नव्हे, पण रोजच्या रोज ऊन लागत राहिले तर हळूहळू फिका पडतो, आणि गेलेला रंग घरी काही करून परत येत नाही. किरणोत्सर्गाचा मारा करून असे खडे पुन्हा गडद करतात म्हणे, पण तो रंगही उन्हापुढे टिकत नाही. म्हणूनच परदेशात याला संध्याकाळी घालायचा खडा म्हणतात. आमच्या घरी तो रोज दुपारी स्कूटरच्या मुठीवर बसून पंधरा किलोमीटर जात होता!

दुसरी खोड म्हणजे तो चिरतो. लाकडाची जशी धार ठरलेली असते, तशा याच्या आत फुटण्याच्या दोन दिशा ठरलेल्या असतात, एकमेकींना जवळजवळ काटकोनात. ओट्यावर नेमका आपटला तर सरळ दुभंगतो. घासणारे कारागीरही याला वचकून असतात. शिवाय स्फटिकाच्या लांबीच्या दिशेने पाहिले तर रंग सर्वांत गडद दिसतो, म्हणून खड्याचे तोंड त्या दिशेला ठेवून घासावे लागते आणि खडा जाड ठेवावा लागतो. लहान आणि पातळ कुंझाइट फिकाच दिसणार. तेव्हा एखादा चिमुकला खडा डाळिंबाच्या दाण्यासारखा लालभडक असेल आणि कुणी त्याला कुंझाइट म्हणत असेल, तर दुकानातून नमस्कार करून बाहेर यावे. काच, गुलाबी तुरमली, मॉर्गनाइट, सगळेच गुलाबी या एका नावाखाली खपते.

आता माझा मुद्दा. आमच्या आजीला साज कसा वागवायचा हे कुणी शिकवले नव्हते, पण ठाऊक होते. मण्यांत लाख भरलेली, तो विस्तवाजवळ न्यायचा नाही. मोत्यांना अत्तर लागू द्यायचे नाही, पाचूला धक्का लागू द्यायचा नाही. हे ज्ञान दागिन्याबरोबरच घरात येई. सोनार सांगे, सासू सुनेला सांगे. मग शंभर-सव्वाशे वर्षांत जगाच्या कानाकोपऱ्यातून नवे खडे बाजारात आले आणि त्यांच्याबरोबर हे सांगणे मात्र आले नाही. खडा आला, त्याचा स्वभाव मागे राहिला. आला तो फक्त भाव. आणि आल्या त्या गोष्टी : अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी १९६३ मध्ये पत्नीसाठी कुंझाइटची अंगठी घेतली, ती नाताळात द्यायची होती, त्याआधीच त्यांची हत्या झाली, १९९६ मध्ये ती लिलावात चार लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. गोष्ट खरी आहे आणि चटका लावणारीही. पण ही गोष्ट सांगणारा दुकानदार 'ताई, उन्हात घालू नका' हे चार शब्द सांगेल की नाही, याची मला शंका आहे. कुठल्या राशीला चालतो हे मात्र नक्की सांगेल, जरी हा खडा सापडला तेव्हा आपली राशिरत्ने ठरून शेकडो वर्षे झाली होती.

सोन्यावर २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. चांगले झाले. खड्याला तशी सक्तीची मोहोर नाही. ती कधी येईल ती येवो. पण पावतीवर खड्याचे नाव, वजन, रंग वाढवण्यासाठी काही प्रक्रिया केली आहे की नाही, आणि त्याला कशाचे वावडे आहे, एवढ्या चार ओळी लिहायला कायदा कशाला हवा? दुकानदार लिहीत नसेल तर आपण मागाव्यात. किमती खडा असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल मागावा. 'खरा का?' या प्रश्नाने फार तर फसवणूक टळते, तीही नेहमी नाही. 'हा कोण, आणि याला कसे वागवायचे?' या प्रश्नाने भांडण टळले असते.

मी हे लिहितो आहे म्हणून दोष सगळा दुकानदारांचा असे कुणी समजू नये. आमच्या घरात पाच माणसे शिकलेली. हातात मोबाईल, त्यावर सगळे जग. पण चोर शोधणे सोपे वाटले, नाव शोधणे नाही.

ज्यांच्याकडे हा खडा असेल त्यांच्यासाठी थोडे लिहून ठेवतो. तो अंगठीपेक्षा पदकात किंवा कानात बरा, कारण तिथे आपटत नाही. धुवायचा तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कुंचला. दुकानात दागिने स्वच्छ करायचे जे कंपनाचे यंत्र असते त्यात किंवा वाफेवर कधीही देऊ नये, आतल्या चिरा वाढतात. उकळत्या रिठ्यातही नको. इतर दागिन्यांच्या डब्यात सुटा टाकू नये. हिरा, माणिक, नीलम त्याला ओरखडे काढतील. वेगळ्या मऊ पिशवीत, बंद पेटीत, अंधारात ठेवावा. सोनाराने जाळाचे काम असेल तेव्हा खडा आधी बाहेर काढावा, आणि हे त्याला आपण होऊन सांगावे.

अहवाल आल्यानंतरच्या रविवारी बाबा आणि मी गुजरीत गेलो. आण्णा आता फारसे गल्ल्यावर बसत नाहीत, मुलगा बसतो. पण त्या दिवशी होते. दुकानात दोन बायका पाटल्या पाहात होत्या. बाबांनी मुद्दाम त्या असतानाच बोलायला सुरुवात केली. अहवाल पुढे ठेवला, चिठ्ठी ठेवली, हात जोडले. आण्णांनी चष्मा लावून अहवाल बराच वेळ वाचला. मग म्हणाले, "मला तरी कुठं ठावं होतं हो? नाव तुम्हीबी सांगितला नाहीसा, मीबी विचारलं नाही. आमच्या वडलांनी विचारलं असतं."

रागावले असते तर बरे झाले असते असे बाबा नंतर म्हणाले.

तो खडा आता पदकात आहे. पांढराच आहे; आईने रंग करून घ्यायला साफ नकार दिला. घडणावळ आण्णांनी घेतली नाही, बाबांनी पैसे गल्ल्यावर ठेवले तेव्हा त्यातून चहा मागवला. नवी पावती मात्र त्यांनी स्वतः लिहिली. थरथरत्या अक्षरात, 'कुंझाइट' हा शब्द दोनदा अहवालात पाहून, आणि खाली एक रेघ ओढून : 'उन्हात घालू नये. आपटू नये.' मुलाला म्हणाले, "ही वही आजपास्नं अशीच लिहायची."