आधी डोळाच फोडतात!

मे २०२५ मधील ते चार दिवस आमच्या वाचकांना आठवत असतील. ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू होते आणि प्रस्थापित दूरचित्रवाहिन्यांच्या स्टुडिओत भोंगे वाजत होते. कुणी शत्रूचे बंदर बेचिराख केले, कुणी राजधानीच ताब्यात घेतली! थापांचा नुसता महापूर आला होता. त्या गदारोळात एक बातमी मात्र सरकारने अधिकृतपणे दिलेली होती. ८ मे रोजी संरक्षण मंत्रालयाने जाहीर केले की, पाकिस्तानातील अनेक ठिकाणच्या हवाई संरक्षण रडारांवर मारा करण्यात आला असून लाहोरची यंत्रणा निकामी झाली आहे. १० मे रोजी पसरूरच्या रडार केंद्राचेही नाव आले. निवेदकांनी टाळ्या पिटल्या आणि ते पुढच्या थापेकडे वळले. रडार म्हणजे नेमके काय, आधी त्याच्यावरच घाव का घालतात आणि ते बंद पडल्यावर त्यामागे बसलेल्या माणसाचे काय होते, हे सांगण्याची कुणाला गरज वाटली नाही. म्हणून आम्ही आज हा विषय घेतला आहे.

रडार म्हणजे लष्कराचा दूरवर पाहणारा डोळा. पण आपला डोळा आणि हा डोळा यात एक मोठा फरक आहे. आपला डोळा गुपचूप पाहतो. रडारला पाहण्यासाठी आधी ओरडावे लागते. ते रेडिओ लहरी सोडते, त्या विमानावर आपटून परत येतात, आणि त्या येण्याला किती वेळ लागला यावरून अंतर कळते. लहरींचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. तेव्हा ३०० किलोमीटरवरच्या विमानाची खबर एका सेकंदाच्या पाचशेव्या भागात हाती येते. मात्र पृथ्वी गोल आहे आणि या लहरी जवळपास सरळ जातात. २५ मीटर उंच मनोऱ्यावरचे रडार दहा हजार मीटर उंचीवरील विमान सव्वाचारशे किलोमीटरवरून पाहू शकते. तेच विमान १०० मीटर उंचीवरून जमिनीला चिकटून आले, तर ते जेमतेम साठ किलोमीटरवर आल्यावरच दिसणार. ताशी ९०० किलोमीटर वेग धरला तर हाती उरतात चार मिनिटे! म्हणूनच रडार डोंगरमाथ्यावर बसवतात, नाहीतर विमानाच्या पाठीवर चढवतात.

दूरचे पाहायचे तर अँटेना मोठी हवी आणि वीजही भरपूर हवी. म्हणजे जितकी नजर लांब, तितका देह अवजड आणि आवाज मोठा. शत्रूला त्याचा ठावठिकाणा शोधत फिरावे लागत नाही, रडार स्वतःच तो सांगत असते. या लहरींचा माग काढत थेट रडारवर जाऊन आदळणारी क्षेपणास्त्रे अमेरिकेने व्हिएतनाम युद्धातच वापरली. आपल्या देशानेही ९ ऑक्टोबर २०२० रोजी त्याच जातीच्या ‘रुद्रम-१’ची चाचणी सुखोई विमानातून घेतली. आता तर तासन्‌तास आकाशात घिरट्या घालून रडार चालू होण्याची वाट पाहणारे ड्रोन आले आहेत. कोट्यवधी रुपयांच्या रडारच्या तुलनेत अशा ड्रोनची किंमत काहीच नाही.

इराकचे उदाहरण घ्या. १७ जानेवारी १९९१. पहाटे तीन वाजता बगदादवर बॉम्ब पडायचे ठरले होते. त्याच्या बावीस मिनिटे आधी अमेरिकेच्या अपाचे हेलिकॉप्टरांनी वाळवंटातून खालून उडत येऊन सीमेजवळची दोन रडार केंद्रे उडवली. भिंतीला भगदाड पडले आणि त्यातून विमानांच्या रांगा आत शिरल्या. सद्दामच्या फौजेकडे तोफा होत्या, क्षेपणास्त्रे होती. पण कोण कोठून येतो आहे हे सांगणारेच उरले नाही. (रडार फोडण्याऐवजी चोरण्याचा पराक्रमही झालेला आहे. डिसेंबर १९६९ मध्ये इस्रायली कमांडोंनी इजिप्तच्या रास घारिब येथून सोव्हिएत बनावटीचे अख्खे रडारच हेलिकॉप्टरला टांगून पळवले होते!)

मग रडार मरण्यासाठीच जन्माला येते काय? तसे नाही. १२ ऑगस्ट १९४० रोजी जर्मन विमानांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरील डोव्हर, राय, पेव्हेन्सी आणि व्हेंटनर या रडार केंद्रांवर हल्ला चढवला. व्हेंटनरचे केंद्र बरेच दिवस बंद राहिले, बाकीची काही तासांत पुन्हा सुरू झाली. जाळीदार मनोऱ्यांतून स्फोटाचा धक्का आरपार निघून गेला आणि दुरुस्ती करणारे हात तयार होते. पडद्यासमोर बसणाऱ्यांत महिला मोठ्या संख्येने होत्या, हे आमच्या भगिनींनी ध्यानात घ्यावे. तीनच दिवसांनी गोअरिंगने या केंद्रांवर हल्ले करण्यात अर्थ नाही असे मत दिले, आणि ती त्याची घोडचूक ठरली.

सर्बियाचा किस्सा तर आणखी बोलका आहे. २७ मार्च १९९९ रोजी झोल्तान दानी या अधिकाऱ्याच्या तुकडीने रडारला न दिसणारे म्हणून गाजवलेले अमेरिकेचे एफ-११७ विमान पाडले. यंत्रे जुनी, सोव्हिएत काळातली. टेहळणीसाठी लांब लहरींचे जुने रडार, आणि नेम धरणारे रडार काही सेकंदच चालू करायचे. लगेच बंद करून बाडबिस्तरा उचलायचा आणि दुसरीकडे जायचे, अशी त्यांची शिस्त होती. पुढे हेच दानी बेकरी चालवू लागले आणि पाडलेल्या विमानाचा वैमानिक त्यांचा स्नेही झाला. महागडे यंत्र विकत घेतले म्हणजे देश सुरक्षित झाला असे सांगणाऱ्या शस्त्रदलालांना हा किस्सा आवडत नाही.

पण आमचा खरा मुद्दा पुढेच आहे. दूरवरचे रडार फक्त गोळी झाडणाऱ्याला नेम दाखवत नाही. ते साक्षीदाराचेही काम करते. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री मॉस्कोजवळच्या केंद्रात उपग्रहाने इशारा दिला की अमेरिकेने अण्वस्त्रे सोडली आहेत, पाठोपाठ पाच! कर्तव्यावर असलेले अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांनी तो इशारा खोटा ठरवला. पाचच क्षेपणास्त्रांनी कुणी महायुद्ध सुरू करत नाही, हा त्यांचा एक विचार. दुसरा असा की जमिनीवरील रडार उपग्रहाच्या म्हणण्याला दुजोरा देत नव्हते. ढगांवरून परावर्तित झालेल्या उन्हाने उपग्रह फसला होता. त्या रात्री दुसरा साक्षीदार आधीच आंधळा केलेला असता तर?

हे दूरच्या रशियातले म्हणून सोडून देता येणार नाही. ९ मार्च २०२२ रोजी आपल्याकडून एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानातील मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. त्यात स्फोटके नव्हती, कुणी दगावले नाही. दोन दिवसांनी भारत सरकारने तांत्रिक बिघाडाची कबुली दिली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले. पाकिस्तानी लष्कराने आपण त्या वस्तूचा सगळा मार्ग टिपला होता असे सांगितले. एकटेच क्षेपणास्त्र, मागे दुसरे काही नाही, हे दिसत होते म्हणून समोरचा थांबू शकला. आता तीच घटना मे २०२५ च्या रात्री, पडदे काळे पडलेले असताना घडली असती अशी कल्पना करा. पाकिस्तानच्या पंतप्रधानांचे सल्लागार राणा सनाउल्ला यांनी जुलै २०२५ मध्ये सांगितले की, नूरखान तळावर ब्राह्मोस आले तेव्हा त्यात अणुबॉम्ब आहे की नाही हे ठरवायला त्यांच्याकडे ३० ते ४५ सेकंद होते. हे विधान राजकीय असेल, वाढवून सांगितलेले असेल. तरी त्यातले सेकंद आम्हाला झोप लागू देत नाहीत. ज्याला दिसत नाही तो घाबरतो, आणि घाबरलेल्याच्या हाती अणुबॉम्बचे बटण असले म्हणजे टाळ्या वाजवणाऱ्याचेही घर वाचत नाही.

युक्रेन युद्धात याची चुणूक दिसली आहे. मे २०२४ मध्ये युक्रेनच्या ड्रोनांनी रशियातील अर्मावीर येथील ‘वोरोनेझ’ रडारवर हल्ला केला आणि उपग्रहांच्या छायाचित्रांत इमारतीला झालेली हानी दिसली. हे रडार विमानांवर नजर ठेवण्यापुरते नाही. हजारो किलोमीटरवरून येणाऱ्या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांची पूर्वसूचना देण्यासाठी ते उभारलेले आहे. ज्याच्या देशावर आक्रमण झाले त्याने आक्रमकाला मारू नये असे आम्ही म्हणणार नाही, तो नैतिक अधिकार युक्रेनचा आहेच. पण अण्वस्त्रांनी प्रत्युत्तर देण्याची क्षमता खिळखिळी करणारा हल्ला झाला तर अण्वस्त्रे वापरू, असे रशियाच्या जून २०२० च्या धोरणपत्रात लिहिलेले आहे. युक्रेनची पाठराखण करणाऱ्या अमेरिकेतूनही या हल्ल्याबद्दल चिंतेचा सूर निघाला, तो उगाच नव्हे.

आपल्या दोन देशांमध्ये करारांची परंपरा आहे. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, हा करार ३१ डिसेंबर १९८८ रोजी झाला. त्यानुसार १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही सरकारे आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. युद्धे झाली, राजदूत परत बोलावले गेले, तरी हा शिरस्ता मोडला नाही. बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या चाचणीची आगाऊ सूचना देण्याचा करार ऑक्टोबर २००५ मध्ये झाला. मियाँ चन्नूला जाऊन पडले ते क्रूझ जातीचे, म्हणजे त्या कराराच्या बाहेरचे. आणि पूर्वसूचना देणाऱ्या रडारांना हात लावायचा नाही, असे तर दोन्ही करारांत कुठेच लिहिलेले नाही. संसदेत विरोधी बाकांवरून कुणी तरी याबद्दल सरकारला विचारील, याची आम्ही वाट पाहत आहोत.