कॅमेऱ्याचें आसन

नाटकगृहांत प्रेक्षकाची जागा तिकिटानें ठरते. मागच्या बाकावरील गृहस्थास नटाचे हातवारे दिसतात, पण त्याच्या डोळ्यांतलें पाणी दिसत नाहीं. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत ३६ दृष्टि वर्णिल्या. त्या शेवटच्या रांगेपर्यंत पोंचविण्याचें सामर्थ्य मात्र कॅमेऱ्यानेंच आणिलें. चित्रपटांत प्रेक्षक जागेवर बसून असतो व त्याच्या वतीनें कॅमेरा उठून जवळ जातो.

ह्याचें ठळक उदाहरण आमच्या पुण्यांतलेंच आहे. १९२९ सालीं कोल्हापुरांत निघालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ सालीं पुण्यास आली. पुढच्याच वर्षीं व्ही. शांताराम ह्यांचा ‘अमृतमंथन’ प्रसिद्ध झाला. बलिदानाची चाल बंद करणाऱ्या राजाविरुद्ध कट करणारा राजगुरु त्यांत चंद्रमोहन ह्यांनीं उभा केला. त्या राजगुरूचा नुसता डोळा पडद्यावर विशाल होऊन येतो, आणि धर्माच्या नांवावर चालणारें क्रौर्य संवादावांचून कळतें. प्रभातच्या त्याच आवारांत १९६० सालीं फिल्म इन्स्टिट्यूट निघाली. हें शास्त्र तेथें आजहि शिकवितात.

शास्त्राचीं मूळतत्त्वें सोपीं आहेत. दूरचें दृश्य माणूस कोठें आहे तें सांगतें. कमरेपासून वरचें दृश्य तो काय करीत आहे तें सांगतें. केवळ मुखाचें दृश्य त्याचें मन सांगतें. उंचीचेंहि तसेंच. खालून घेतलेल्या चित्रांत मनुष्य बलाढ्य भासतो, वरून घेतलेल्यांत दुबळा, आणि डोळ्यांच्या पातळीवरून घेतलेल्यांत आपल्या बरोबरीचा.

आतां कॅमेरा प्रत्येकाच्या फोनांत आहे. पण घरोघर चित्रें घेतलीं जातात तीं उभ्या उभ्या. त्यामुळें मुंजींतल्या बटूचें डोकें मोठें व पाय आखूड दिसतात. खुर्चीवरील आजी आहे त्याहून अधिक खचलेली दिसते. फोन अगदीं तोंडाजवळ नेल्यास नाक मोठें येतें. समारंभाच्या चित्रांत तर आजी एका कोपऱ्यांत तिळाएवढी असते. पुढें तिच्या पश्चात् भिंतीवर लावावयास चित्र शोधूं लागलें म्हणजे तोच तीळ कापून मोठा करावा लागतो, आणि त्या अंधुक डागांत तिला ओळखणें नातवंडांसहि कठीण जातें.

म्हणून आमची सूचना इतकीच, कीं घरांतील प्रत्येक वडील माणसास एकदां खिडकीच्या उजेडांत बसवावें, आपणहि समोर बसावें, फोन त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर धरून दोन हात अंतरावरून मुखाचें चित्र घ्यावें. समोर बसल्यानें चार शब्द बोलणें होईल, हा लाभ निराळाच.